अडीचकी

तुर्भ्याच्या पालिका शाळेत रात्री आठला
दुसरीच्या बाकांवर दहावी बसते.
गुडघे वर येतात.
खिडकीबाहेर ठाणे-बेलापूर रस्ता,
कंटेनर गेला की खडू थांबवावा लागतो.

मी लिहिते: क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा.
अवयव पाडा.
म्हणजे दोन आकडे शोधा,
गुणले तर बारा, मिळवले तर सात.

कोंडिबा शेलार, वय सत्तेचाळीस,
कांदा-बटाटा मार्केट,
कमरेचा लोखंडी आकडा काढून बाकावर ठेवतो.
"एक हा. दुसरा जोडीदाराकडं."
वर्ग हसतो. मीही.
पण त्याची थट्टा नसते.
भरली गोणी एका आकड्यानं ओढली तर फाटते,
दोन्ही कानांना दोन लागले
की आपसूक तिसऱ्याच्या पाठीवर चढते.
"मधल्या पदाचं तसंच की,
तीन क्ष हिकडं, चार क्ष तिकडं."

सोळा वर्षं शिकवतेय,
मधल्या पदाला कान असतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिवलेली गोणी उसवायची कशाला, हे मात्र त्याला पटेना.
आत काय भरलंय ते कळायला, मी म्हणाले.
"ते वासावरून कळतं."
मागून कॅन्टीनवाली यल्लव्वा म्हणाली,
"तुला कळतंय. आमाला उसवू दे."

मग तो मंगळवार.
घणसोलीची बस गाठायची होती.
घाईत शेवटचं गणित लिहिलं,
क्ष वर्ग अधिक पाच क्ष अधिक सात.
सहा लिहायचे होते.

बुधवारी तो आला, डोळे तांबारलेले.
खिशातून हिशेबपट्ट्यांचा गठ्ठा,
पुढं कांद्याचे भाव,
मागं पेन्सिलीनं:
एक नि चार, चार.
दीड नि साडेतीन, सव्वापाच.
दोन नि तीन, सहा.
सव्वादोन नि पावणेतीन,
सहावर तीन आणे (आणे त्याच्या बापाचे).

"ही गोणी उठत न्हाई, मॅडम.
गाड्या लागेस्तोवर ओढली.
पाचाचं वाकडंतिकडं वाटप केलं की कमी भरतं,
सारखं करत आणावं तसं वाढतं,
आन् अगदी सारखं केलं की
अडीच अडीच सव्वासहा.
बापानं गुरांमागं पाठ करून घेतली व्हती अडीचकी.
सव्वासहाच्या म्होरं वाटच न्हाई.
साताला पाऊण कमी.
ह्यो पाऊण आणायचा कुठनं?"

पंचवीसातून अठ्ठावीस गेले, ऋण तीन.
त्याचा चौथा हिस्सा पाऊण.
ते सूत्र आम्ही दिवाळीनंतर घेणार होतो.

हातात डस्टर होतं.
म्हणाले, चूक माझी, तिथं सहा हवे होते.
वर्गानं मिनिटात सोडवलं, दोन, तीन,
यल्लव्वानं बोटांवर.
त्यानं ते वहीत उतरवलंसुद्धा नाही.
"मंग ह्ये सातवालं खोटं?"

नाही, म्हटलं. खरं आहे.
याला अवयव नाहीत,
आणि तसं तुम्ही सिद्ध केलंत.

सिद्ध, तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, सिद्ध.
आमच्या गावात सिद्धाचं देऊळ आहे, एवढंच बोलला,
पट्ट्या दुमडून आतल्या खिशात घातल्या.

साडेनऊला उठला. चारला गाड्या येतात.
आकडा कमरेला अडकवला,
दारात थांबून विचारलं,
"अशा न उठणाऱ्या किती असतील, मॅडम?
मोजल्यात कुणी?"

मला लगेच काही सुचलं नाही.
दिवे घालवताना पाहिलं,
फळ्यावरचा ७ तसाच राहिलाय,
टोकाशी वाकलेला, कशात तरी अडकवायला ठेवल्यासारखा.
पुसणार होते.
सकाळी दुसरीच्या बाई पुसतील.